हर्मेलिंदाचे दात

रीडली गावातल्या फळांच्या शेडमध्ये रोसारिओ बाईंना सगळ्या आपल्या स्पॅनिशमध्ये आदराने दोन्या चायो म्हणत. हा मान पीच निवडून मिळालेला नव्हता, तो भिशीचा होता. दहा बायका, महिन्याला प्रत्येकीचे दोनशे डॉलर, आणि जिचा नंबर तिला सगळी रक्कम. इतक्या वर्षांत एक पैसा इकडचा तिकडे झाला नव्हता. पैसे फोनवरून जमा होऊ लागले, तेव्हा बाईंनी त्या खात्यालाही हौसेनं 'दोन्या चायो' हेच नाव दिलं. तिथेच घात झाला.

"दोन्या चायो, बँकेतून बोलतोय. तुमच्या खात्यातून कुणीतरी पैसे काढतंय. मी सांगतो त्या खात्यात ताबडतोब हलवा."

बँकेतली माणसं एरवी त्यांच्याशी दारावरच्या फेरीवाल्याशी बोलावं तशी बोलत. हा दोन्या म्हणाला, म्हणजे आपल्यातलाच कुणी, असं त्यांना वाटलं. भिशीचे दोन हजार गेले.

त्या महिन्याचा नंबर हर्मेलिंदाचा होता. फळं निवडायच्या पट्ट्यावर शेजारी उभी राहणारी, आणि जिच्या लेकीच्या बाप्तिस्म्यात चायोबाई धर्ममाता झाल्या होत्या ती. दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. पुढचे दात गेल्यापासून हर्मेलिंदा तोंडावर हात धरून हसायची. दात बसवायला म्हणून तिने हा नंबर मागून घेतला होता.

"तुम्ही स्वतःच पाठवलेत ना? मग अवघड आहे," बँकेतली मुलगी म्हणाली. तक्रार तेवढी लिहून घेतली आणि पुढे हात वर केले. चायोबाई हर्मेलिंदाचा फोन उचलेनाशा झाल्या, पट्ट्यावरची जागाही बदलून घेतली. लाज माणसाला किती खुळं करते बघा.

मग दुसरा फोन आला. "दोन्या चायो, तुमचे पैसे सापडलेत. तीनशे डॉलर भरा, उद्या सगळे परत."

बाईंचा अंगठा बटणापर्यंत गेला होता. तेवढ्यात त्यांना आठवलं, तक्रारीवर आपण रोसारिओ आरेयानो असं पूर्ण नाव दिलंय. बँकेतला माणूस दोन्या चायो कशाला म्हणेल? त्यांनी फोन बंद केला आणि तिथेच रडायला बसल्या. पैसे आता येणार नाहीत, हे त्यांना तेव्हा कळलं.

त्या तशाच हर्मेलिंदाच्या दारात गेल्या.

"बोलायला गोड होता का गं?" सगळं ऐकून हर्मेलिंदाने विचारलं.

"फार गोड."

"त्याचा फोन उचललास. माझा नाही उचललास, कोमाद्रे."

हिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चायोबाईंना वाटलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पगारातून फेडीन म्हणाल्या. कुणी घास उचलेना. शेवटी भिशीतली तोमासा म्हणाली, "मग आता भिशी दुसरीकडे कुणाकडे..."

"भिशी कुठे जात नाही," हर्मेलिंदा म्हणाली. "माझे दात अडकलेत हिच्याकडे. हिला सोडलं तर मी मका खायचा कसा?"

तिने पुढच्या महिन्याचे दोनशे डॉलर रोख चायोबाईंच्या ताटाशी ठेवले आणि हसली. या वेळी तोंडावर हात धरला नाही. बायकाही हसल्या, एकेकीने पर्स उघडली. चायोबाईंना मात्र हर्मेलिंदाच्या तोंडाकडे बघवेना.