बाईंनी पाळलेला शब्द

मालतीबाई गेल्याचा फोन सकाळी आला. त्यांचा भाचा अधारतालला राहतो, त्यानं केला. "काकू, मावशी गेली. झोपेतच." मी विचारलं, "रात्री जेवल्या होत्या का?" म्हातारीला काय विचारावं ते कळत नाही, असं वाटलं असेल त्याला. पण माणूस उपाशी गेलं की भरल्या पोटी, एवढं मला कळायला हवं होतं. खिचडी खाल्ली होती म्हणे. बरं झालं. मी गॅस बंद केला, लुगडं बदललं आणि गढ्याहून आमच्या जबलपुरातल्याच गोरखपुरला, बाईंच्या घरी, रिक्षानं गेले. रडले नाही. आमच्या वयात कोणी गेलं की रडू येत नाही, राहून गेलेलं आठवत बसतं.

त्याला महिना झाला. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांनी पेपरच्या पुरवणीत लिहिलं, त्या किती प्रेमळ होत्या, त्यांनी कधी छडी हातात घेतली नाही. सगळं खरं आहे. पण बाईंना ते चाललं नसतं. शेवटच्या भेटीत मी त्यांना सांगत होते की माझ्या पणतीच्या शाळेत आता मनाचा तास असतो. भिंतीवर हसरे-रडके चेहरे लावलेत, आज कसं वाटतं ते पोरांनी बोट ठेवून दाखवायचं. मी म्हटलं, "बाई, हे तर तुम्ही तेव्हाच केलं होतं." त्या उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "केलं होतं, सुभद्रा. आणि सोडलं होतं. कोणी विचारलं तर सोडलं ते आधी सांग." म्हणून मी सांगते. मी चौथी शिकलेली, त्यांच्या शाळेत आया होते. घंटा वाजवायची, पाणी भरायचं, पोरांची नाकं पुसायची. लिहिण्याचं काम माझं नव्हे, पण ते वर्ष त्यांच्या जवळून पाहिलेली आता मीच उरले आहे.

शाळा आमची लहान, मराठी मंडळींनी चालवलेली, पहिली ते चौथी. बहुतेक पोरांचे बाप दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात, काहींचे रेल्वेत. एकाहत्तरची लढाई म्हणतात ती पंधरवड्याची होती, पण जबलपुरात ती पावसाळ्यातच सुरू झाली होती. कारखान्याचा भोंगा झाला की बाप जात आणि केव्हा येतील त्याचा भरवसा नसे. डबल ड्यूटी, रविवार नाही, सण नाही. माझा नवराही त्यातच. काय बनवता म्हणून विचारलं तर म्हणायचा, "तू भाकरी बनव." बाहेर एक शब्द काढायचा नाही अशी सक्त ताकीद होती सगळ्यांना, आणि लोक घाबरूनच असत. पोरं शाळेत येत ती चिडलेली, नाहीतर पेंगुळलेली. पाटीवरून मारामाऱ्या. कोणी चड्डीत करी, आणि ती काही लहान पोरं नव्हती.

मालतीबाई तेव्हा नव्या, नागपूरहून ट्रेनिंग करून आलेल्या, दुसरीला शिकवत. त्यांनी प्रार्थनेनंतर बसायच्या टाटपट्ट्या गोल घालायला लावल्या. पाढे नंतर. आधी प्रत्येकानं मनात असेल ते एक वाक्य बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, हसायचं नाही. ज्याला बोलायचं नसेल त्यानं मांडीवर हात ठेवून बसायचं. भांडणाऱ्या दोघांना त्या माझ्याकडे पाठवत, एक भरलेली बादली दोघांनी मिळून उचलून आणायची, पाणी सांडायचं नाही. एक वाकडा चालला की दुसऱ्याचे पाय भिजत. परत येईपर्यंत भांडण कशावरून होतं ते विसरलेले असत. मला पहिल्यांदा हे सगळं रिकामपणाचं वाटलं. मी म्हटलं, "बाई, पोरांना बोलतं काहून करून राहिल्या? एकदा तोंड उघडलं की बंद होत नाही त्यांचं." त्या म्हणाल्या, "बंद असलं की हात चालतात, सुभद्रा." दिवाळीपर्यंत वर्गातल्या मारामाऱ्या थांबल्या होत्या. मी पाहत होते ना, रक्त पुसायचं काम माझंच होतं.

मग एका पोरानं सकाळी गोलात सांगितलं, "बाबांचे हात पिवळे झालेत. ते मला उचलून घेत नाहीत." बारूद भरणाऱ्यांचे हात तसे पिवळे पडत. बाईंनी विचारलं, "मग तुला काय वाटतं?" पोरगं म्हणालं, "मला वाटतं मीच घाण आहे." बाईंनी त्याला जवळ घेतलं, समजावलं की बाबा तुला जपतात म्हणून उचलत नाहीत. झालं ते एवढंच. पण पोरानं घरी जाऊन सांगितलं, बाईंनी बाबांच्या हातांचं विचारलं. दुसऱ्या दिवशी बाप दारात. पांढराफटक पडला होता. "बाई, तुम्ही हे काय विचारून राहिल्या? कोणत्या हातानं काय काम करतो, हे शाळेत बोलायची गोष्ट आहे का? माझी नोकरी जाईल. अन् तुम्हालाही उचलून नेतील." बाकीच्या बापांना ते कळलं. कोणी म्हणालं बाई पोरांकडून माहिती काढतात. कोणी म्हणालं नागपूरची आहे, कोणाची कोण, काय ठाऊक. ज्या बाईला वर्गाबाहेरचा रस्ता नीट माहीत नव्हता तिला हेर करून टाकलं!

शाळेचे सेक्रेटरी रेल्वेतून रिटायर झालेले, माणूस वाईट नव्हता, पण भित्रा. त्यांनी पालकांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर बाईंकडून शब्द घेतला, की यापुढे पोरांना घरचं काही विचारणार नाही, वर्गात नाही आणि बाहेरही नाही. बाईंनी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी टाटपट्ट्या पुन्हा रांगेत. पोरं प्रार्थना झाल्यावर थोडा वेळ बाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली... बाईंनी फळ्याकडे वळून पाढा लिहायला घेतला.

थंडी पडली तेव्हा शकूचं सुरू झालं. दुसरीतली चुणचुणीत पोरगी, तिचा बाप कारखान्यात, आई बाळंतपणाला माहेरी गेलेली. एवढं सर्वांना ठाऊक होतं. आत्या की कोणी येऊन राहणार होती, ती आलीच नाही, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. शकू केस न विंचरता येऊ लागली. तोच फ्रॉक रोज. टाटपट्टीवर बसल्या बसल्या झोपायची. मी बाईंना म्हटलं, "हिला विचारा." त्या म्हणाल्या, "मी शब्द दिला आहे, सुभद्रा." "शब्द गेला चुलीत. पोरगी पाहा." त्यांचे डोळे भरले, पण मान हलली नाही. मग मीच शकूला नळावर नेऊन विचारलं. मला म्हणाली, "आत्या स्वयंपाक करून राहिली घरी." माझ्या तोंडावर खोटं बोलली. बापानं सांगितलेलं होतं, ते मागून कळलं, की घरात एकटी आहेस हे कोणाला सांगायचं नाही, आतून कडी लाव, दिवा लावू नको, मी आलो की हाक मारीन. त्या पोरीनं कोणाला खरं सांगितलं असतं तर बाईंना, त्या गोलात बसून. तो गोल उरला नव्हता.

लढाई पेटली तेव्हा बापाला कारखान्यातच राहावं लागलं. शकू शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. थंडीनं पोरं घरी बसत, त्यात नवल नव्हतं. शेजारणीला आतून खोकल्याचा आवाज आला म्हणून तिनं लोक बोलावून कडी तोडवली. पोरगी तापानं फणफणलेली, गोधडीत, शेजारी रिकामा तांब्या. वाचली. हे आधीच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो. पण बाई तिच्या क्वार्टरवर गेल्या तेव्हा मी बरोबर होते. बाप दारात उभा. कामावरच्याच कपड्यात, डोळे लाल. त्यानं आत या म्हटलं नाही. एवढंच म्हणाला, "आता काहून आल्या, बाई?" ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पोरीला नागपूरकडे आईपाशी पोचवलं, तिकडेच ठेवलं, आणि पुढे स्वतःही बदली घेऊन गेला. शकू परत आली नाही.

बाईंनी पुढे कित्येक वर्षं शिकवलं. लढाईची भीती ओसरल्यावर गोलही पुन्हा सुरू केला, कोणी अडवलं नाही. सेक्रेटरी तर नंतर पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला आणत. पोरं मोठी झाली, इंजिनियर झाली, पाया पडायला येत. पण नागपूरला गेल्या की बाई लग्नाकार्यात बायकांना विचारत, जबलपुरात लहानपण गेलेली शकू कोणी ठाऊक आहे का. माहेरचं नाव सांगत. लग्नानंतर नाव बदललं असेल, मी म्हणायचे, कशी सापडेल. त्या म्हणायच्या, "सापडू दे म्हणून नाही. विचारायचं राहिलं होतं, म्हणून विचारते." लोक म्हणतात शब्द पाळावा. पाळावा. पण तो घेणाऱ्यांपैकी एकालाही त्या शब्दाचं काही वाटलं नाही, आणि देणारीला शेवटपर्यंत झोप नव्हती. मला त्यांचं काही करता आलं नाही. "तुमची चूक नव्हती," असं खोटं मी कधी बोलले नाही, आणि चूक होती असंही तोंडावर म्हटलं नाही. नुसती बसायचे जाऊन.

तेराव्याला गेले होते. जेवणं उरकली, भाचा भांडीवाल्याशी बोलत होता, मी वऱ्हांड्यात बाईंच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले. तेवढ्यात शाळेची बस थांबली. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्यांची मुलगी उतरली, पाठीवर दप्तर, गळ्यात किल्ली. मराठी घरचीच आहे, पण बोलते हिंदी. रिकाम्या खुर्चीकडे पाहून फाटकाशीच थांबली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आप नहीं पूछोगी?"

"काय गं?"

"नानी रोज पूछती थीं. घर पे कौन है."

मला हे ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत बाईंनी मला कधी सांगितलं नव्हतं, की रोज या वेळेला त्या खुर्ची बाहेर काढून काहून बसतात. मला वाटायचं, उन्हासाठी.

"कौन है मग?" मी विचारलं.

"कोई नहीं. मम्मी के आने तक कोई नहीं."

मी खुर्चीवरची घडी केलेली शाल काढून तिला जागा करून दिली. म्हटलं, "बैठ."