गच्चीची आघाडी
परवा कपाट आवरताना मुलीचा शाळेतला जुना चार्ट हाती लागला आणि कुवेतमधली, अब्बासियातली आमची पहिली इमारत आठवली. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या, कामगारांच्या, स्त्रियांच्या वेगवेगळ्या संघटना नागरी हक्कांसाठी एकत्र कशा आल्या, हा तिचा सहावीतला प्रोजेक्ट होता. त्याच आठवड्यात कोणाच्या तरी बॉलने गच्चीवरची डिश अँटेना वाकली आणि हारिसने, म्हणजे आमच्या इजिप्शियन रखवालदाराने, गच्चीला कुलूप ठोकलं. मग मुलीने शेजारची मल्याळी मैत्रीण, खालची फिलिपिनो मुलगी आणि तिसऱ्या मजल्यावरची गुजराती भावंडं जमवून चक्क आघाडी उभारली. मीही कौतुकाने त्यांच्या मागणीपत्राचं इंग्रजी सुधारून दिलं. संध्याकाळी सगळी पलटण हारिसच्या खोलीपाशी गेली. त्याने चहा बाजूला ठेवून शांतपणे ऐकलं आणि आपल्या हिंदीत विचारलं, "मेरा भी एक मांग है, लिखेगा?" थोड्या वेळाने मुलगी धावत वर आली. "बाबा, गच्ची उघडली! हारिस अंकल जॉइन्ड अस!" मी कागद पाहिला. तळाशी नवी मागणी होती: मोठ्यांनी कचऱ्याच्या पिशव्या लिफ्टपाशी न ठेवता स्वतः खाली नेऊन टाकाव्यात. "ही मागणी कोणाकडे केली आहे?" मी विचारलं. "तुमच्याकडे," ती म्हणाली. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या, हारिसचीसुद्धा. आता इमारत बदलली, मुलगी शिकायला दूर गेली, पण कचरा रोज मीच खाली नेतो. मागणी मागे घेतल्याचं मला अजून कोणी कळवलेलं नाही.