आईच्या वाटणीच्या चात्या

माणसं जीव तोडून काम का करतात, हे आमच्या गिरणीतल्या साहेबांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना वाटायचं, बक्षीस लावलं की करतात, नाहीतर भीती घातली की करतात. बोडक्याचं कळत होतं त्यांना! वाइंडिंग खात्यातल्या आम्ही बायकांनी एकदा असं काम केलं की तसं नंतर मी कुठेच पाहिलं नाही. ते आम्ही माझ्या आईसाठी केलं आणि त्यानंच तिची वाट लागली. आज इतक्या वर्षांनी सांगतानाही माझं डोकं फिरतं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, आई, मी आणि शाळेत जाणारा धाकटा भाऊ. वडील मी लहान असतानाच गेले आणि त्यांच्या माघारी आई गिरणीला लागली. मी मोठी झाल्यावर तिनं मलाही त्याच खात्यात बदली म्हणून चिकटवलं. म्हणजे कुणी गैरहजर असेल त्या दिवशी मला काम, नाहीतर दारातून परत. घर चालायचं ते आईच्या कायम नोकरीवर.

वाइंडिंगचं काम सांगायला सोपं. लहान बॉबिनवरचं सूत शंकूसारख्या मोठ्या कोनावर गुंडाळायचं. प्रत्येकीच्या वाटणीला ओळीनं चात्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या दांड्या असत, त्या गरगर फिरत राहत. सूत तुटलं की टोक शोधायचं, गाठ मारायची, पुन्हा सोडायचं. भरलेले कोन आपापल्या टोपलीत टाकायचे आणि कामाची पाळी सुटताना टोपली काट्यावर चढवायची. वजन कमी भरलं की नायकीण, म्हणजे आमच्यावर देखरेख करणारी बाई, आधी चारचौघींत उद्धार करायची आणि मग साहेबाच्या कानावर घालायची.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तिनं कुणाला सांगितलं नाही. तुटलेलं टोक दिसेना म्हणून ती बोटांनी चाचपत बसायची, तोवर शेजारच्या चातीचं सूत तुटून ती रिकामी फिरत असायची. टोपली हलकी भरायला लागली. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू या, तर अंगावरच आली.

"डॉक्टर सुटी घेवक सांगतलो. मगे माझ्या चात्यांवर दुसरी उभी करतीत. घरात बसलंय की मेलंय म्हणून समज."

मालवणी माणूस एकदा हट्टाला पेटला की देवाच्या बापाचं ऐकत नाही.

आईच्या शेजारच्या चात्यांवर नायगावच्या बीडीडी चाळीतली एक बाई होती. उंच, पहाडी आवाजाची, तोंडानं फाटकी. तिच्या घरच्यांनी नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतली होती आणि ती ते ताठ मानेनं सगळ्यांना सांगायची. खरं ते सांगते, आमच्या आईनं तोवर तिच्या हातचं पाणी घेतलेलं नव्हतं. पण एका मोर्च्यात पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पळापळ झाली, आणि परळच्या नाक्यावर या दोघी एकमेकींचे दंड घट्ट धरून भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. घरी आल्यावर आई म्हणाली, "तिना माका सोडल्यान नाय गो." तेव्हापासून दोघी डबा एकत्र उघडायला लागल्या.

तिनंच पहिल्यांदा आपल्या टोपलीतले कोन उचलून आईच्या टोपलीत टाकले. आईला धड दिसलं नाही, पण आवाजावरून कळलं. भडकलीच.

"माका कोणाची भीक नको!"

"भीक कसली गं म्हातारे? गप ऱ्हा," नायगावची म्हणाली. "लाठ्या पडत हुत्या तवा माझा दंड सोडला न्हाईस. तवा मी इचारलं का, भीक देतीस का म्हणून?"

आई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, पण कोन परत दिले नाहीत. मग कुणी कुणाला न सांगता सगळ्याच जणी टाकायला लागल्या. स्वतःची टोपली भरायची आणि वर आईची, म्हणजे हात दुप्पट चालायला हवेत. ते चालायचे! चहा थंड होऊन जायचा, भाकरी उभ्याउभ्या खायची. आईची टोपली भरत आली की पलीकडून कुणीतरी मोर्च्यातली घोषणा ठोकायची, "झालाच पाहिजे!" आणि सगळं खातं खिदळायचं. नायकिणीला सगळं ठाऊक होतं. ती दुसरीकडे बघायची.

मग एक दिवस तिनंच बातमी आणली. हापिसातून एक माणूस घड्याळ घेऊन येणार होता, कोण किती काम करते ते बघायला. कमी पडेल तिला घरी पाठवणार. आईला चाचपडताना त्यानं बघितलं की कारभार आटोपला. तिला लपवायचं कुणी सुचवलं ते आता आठवत नाही, पण ऐकल्याबरोबर सगळ्यांना पटलं. तो आला की आईनं बायकांची तान्ही पोरं ठेवायच्या पाळणाघरात जाऊन बसायचं, आणि तिच्या चात्या आम्ही दोन्ही बाजूंनी सांभाळायच्या.

तसंच केलं. त्या दिवशी मला बदलीचं काम मिळालं होतं, मी आईच्या चात्यांच्या एका बाजूला आणि नायगावची दुसऱ्या बाजूला. तो माणूस तरुण होता, आणि मेल्याचा चेहरा इतका सभ्य की शिवीही देववेना. आईच्या चात्यांपाशी थांबून त्यानं विचारलं, "या कुणाच्या?"

"हाय एक. पोटात दुखतंय म्हणून गेलीय," नायकीण म्हणाली.

तो तिथेच उभा राहिला. आम्हाला वाटलं, आता याला दाखवूनच देऊ. अंगात आल्यासारख्या आम्ही त्या चात्यांवर तुटून पडलो. एक टोक सुटू दिलं नाही, एक चाती रिकामी फिरू दिली नाही. तो घड्याळ बघत होता, मान हलवत होता. तो गेल्यावर आम्ही आईला हात धरून आणलं. तिनं कनवटीचे चणे काढून सगळ्यांना वाटले. तिला इतकी खूश मी वडील गेल्यापासून पाहिली नव्हती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. थोड्या दिवसांनी साहेबानं आम्हाला बोलावलं. यापुढे प्रत्येकीनं जास्त चात्या बघायच्या, जास्तीच्या बायका कमी करणार, आणि सगळ्यांत आधी आई. तो ओरडला नाही की काही नाही. शांतपणे तिला म्हणाला, "बाई, तुम्ही नव्हता तरी माल तेवढाच निघाला."

"तिच्यासाठी केलं ते, साहेब!" नायगावची कडाडली. "रोज हुतंय का तसं?"

"होतं की," साहेब म्हणाला. "आमच्या माणसानं स्वतः बघितलंय."

आम्ही युनियनच्या हापिसात गेलो. अर्धे पुढारी तुरुंगात होते आणि उरलेले मोर्च्याच्या गडबडीत. आधी मुंबई मिळू द्या, मग बघू, म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं, मुंबईसाठी आम्हीही जीव टाकत होतो. पण तोवर आईचा हिशेब तिच्या हातात पडला होता.

घरी येताना रस्त्यात तिनं मला विचारलं, "खरां काय गो? मी नसताना तेवढोच माल निघालो?"

"हो गं, पण आम्ही..."

पुढचं तिनं ऐकलंच नाही. मी किती समजावलं, तुझ्यासाठी केलं म्हणून तेवढं झालं, तू नसतीस तर कुणी इतकं मरमर केलं नसतं. भिंतीला सांगितल्यासारखं! शेवटी मीच तिच्यावर ओरडले आणि मीच रडले. डोळ्यांच्या ऑपरेशनचं काढलं तर म्हणाली, "आता काय बघूचा आसा?" भावाची शाळा सुटली, तो एका दुकानात चिकटला. खात्यात त्यानंतर कुणी कुणाच्या टोपलीत कोन टाकला नाही. ज्या उरल्या त्या मान खाली घालून ठरलं तेवढं करायच्या. पुढच्या कपातीत नायगावचीही गेली.

मुंबईसह महाराष्ट्र झाला त्या दिवशी अख्खं लालबाग रस्त्यावर होतं. खात्यातल्या बायका आईला न्यायला वर आल्या, पुढे नायगावची. "ऊठ गं म्हातारे," ती दारातूनच ओरडली, "आपलं राज्य आलं! मिरवणुकीला चल."

आई अंथरुणावरून उठली नाही. "जावा तुमी," म्हणाली. "माझ्याशिवाय काय अडलाहा?"