सावळघाटातली ती गाठ

आधीच सांगते, भूत, करणी, अंगारे यांच्याविरुद्ध मी पत्रकं लिहिते आणि चौकात उभी राहून वाटते. "पुरावा आणा, नाहीतर गप्प बसा" ही ओळ माझीच. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचीच चीड येतेय. पण उपकार लपवणं हाही खोटेपणाच की!

माझी जुनी गाडी नाशिकला पेठ नाक्याजवळ दगूकाकांच्या गॅरेजात जायची. काका बंपरला लिंबू-मिरची बांधायचे, मी त्यांच्यादेखत तोडायचे.

"तुझी पत्रकं गाडी ओढणार का गं?"

"तुमची मिरची ओढते का?"

"ते राहू दे. क्लचवरचा पाय काढ आधी. पायरी हाय का ती?"

काकांची एक खोड होती. गिअरबॉक्सचं काम झालं की सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून जादा आधार म्हणून बांधायचे... तीन वेढे, गाठीचं टोक परत आत खोचलेलं. "गिअरबॉक्स तोलणारं माउंटिंग तुटलं तरी घरी पोचशील."

मागच्या वर्षी काका गेले. नंतर त्यांच्या मुलीनं, मंदानं, नवीन माउंटिंग टाकलं. जुनी पट्टी मीच कापून फेकायला लावली. म्हटलं, "हीपण लिंबू-मिरचीच!"

यंदा भाताच्या आवणीत पेठकडच्या एका पाड्यावर रोपं लावताना गोविंद नावाच्या शेतकऱ्याला साप चावला. त्याचा भाऊ काशिनाथ त्याला भगताकडे न्यायला निघालेला. मी पत्रकं वाटायला तिथेच आले होते; भांडून पेठच्या दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं दिली, तरी श्वास जड होत चालला. नाशिकला हलवा म्हणाले. रुग्णवाहिका एका बाळंतिणीला घेऊन गेलेली. (डोंगरातल्या माणसांना गाड्या पुरेशा का नसतात, यावर मी वेगळी भांडतेच आहे.) मग माझीच गाडी काढली.

भर दुपारी, सावळघाटात — खाड्! गिअरबॉक्स खाली बसल्यासारखा आवाज. क्लच दाबला तो वर येईना, गिअर पडेना. गाडी कडेला लागली.

मी आणि काशिनाथ रस्त्यात उभे राहून हात करत होतो. कुणी थांबेना.

"ताई, तुम्ही भगताकडं नेऊ दिलं नाय. आता परत फिरणारी गाडी भेटली की मी घेऊन चाललो त्याला."

माझ्या हट्टापायी माणूस जाणार होता.

तेवढ्यात मागच्या सीटवरून, गोविंदचं डोकं मांडीवर घेतलेली त्याची बायको ओरडली, "ताई, गाडीखाली कोन ठोकतंय?"

मी वाकून पाहिलं. कुणी नाही. उगाच म्हणून आत बसले, क्लच दाबला... आणि पेडल पायाखालून अलगद वर आलं. पहिला गिअर पडला. थेट नाशिकचा दवाखाना.

गोविंद वाचला. आता नागलीचं पीठ पाठवतो.

दुसऱ्या दिवशी मंदानं गाडी वर घेतली. माउंटिंगचे दोन तुकडे. गिअरबॉक्स तोलला होता सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं... तीन वेढे, टोक आत खोचलेलं.

"मंदा, तू बांधलीस?"

"मी? तूच फेकायला लावलीस ना, बाई!" म्हणाली, आणि बापाची ती गाठ बोटानं चाचपून पाहू लागली.

काशिनाथ पूर्ण वेळ माझ्याशेजारी होता. गोविंदची बायको जागची हलली नव्हती. खूप डोकं लढवलं. पुरावा हातात आहे, खुलासा नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा, मी वादाला तयार आहे.

लिंबू-मिरची मी आजही तोडते, काका. पण मंदाला ती पट्टी सोडू दिली नाही. आणि घाटात क्लचवर पाय ठेवत नाही.