अकरा मिलिमीटरची कृपा

जे घडलं ते सांगण्याआधी एक कबुली द्यायला हवी. त्या काळात माझी श्रद्धा नावापुरतीच उरली होती. चंदीगडला येऊन आम्हाला आठ वर्षं झाली होती. यजमान तिथल्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर आणि मी एका तंत्रनिकेतनात सर्वेक्षण शिकवायचे. मिरजेहून निघताना आईने दिलेली दत्ताची तसबीर देवघरात होती. दर गुरुवारी मी तिला हार घालायचे, पण हात जोडले की डोक्यात दुसऱ्या दिवसाचे तास सुरू व्हायचे. आईच्या शेवटच्या आजारपणात मी दत्तगुरूंकडे फार मागितलं होतं, आणि आई गेली. मी देवाशी भांडले नाही. फक्त मागणं सोडून दिलं.

माझा खरा विश्वास होता तो आमच्या नव्या यंत्रावर. टोटल स्टेशन म्हणतात त्याला. तिपाईवर ठेवायचं, दुर्बिणीतून समोरची खूण धरायची, बटण दाबायचं. कोन आणि अंतर दोन्ही तिथल्या तिथे मिळतं, आणि मग संगणकावर इमारत बिंदूबिंदूंनी उभी राहते. ज्या मोजणीला पूर्वी आम्हाला आठवडा लागायचा ती दोन दिवसांत व्हायची. यंत्र खोटं बोलत नाही, असं मी विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगायचे.

एके दिवशी कॉलेजात एक पादरीसाहेब आले. साठीचे, जुना कोट, हातात पिवळा पडलेला फोटो. चंदीगडहून बसने तीन तासांवर, पहाडात, इंग्रजांच्या काळातलं त्यांचं छोटं दगडी चर्च होतं. त्याच्या घंटाघराला भेगा पडल्या होत्या. ते धोकादायक आहे, उतरवून टाका, असा सल्ला कुणीतरी लेखी दिला होता आणि तशी नोटीसही आली होती. पादरीसाहेब फार काही बोलले नाहीत. "मॅडम जी, गिराने से पहले एक बार नाप तो लीजिए," एवढंच म्हणाले.

मी पावसाळा संपल्यावर गेले. घंटाघरावर चमकणाऱ्या छोट्या खुणा चिकटवल्या, मागच्या प्रार्थनेच्या दालनावरही सहा लावल्या, आणि अंगणातल्या दोन पक्क्या जागांवरून सगळं मोजलं. हिवाळ्यातला पाऊस आणि बर्फ होऊन गेल्यावर मार्चमध्ये पुन्हा मोजलं. घंटाघराचे सगळे बिंदू जिथल्या तिथे होते, एक-दोन मिलिमीटरच्या आत. इतकी सुंदर जुळणी मी आयुष्यात पाहिली नव्हती. फक्त दालनावरच्या सहा खुणा बिघडलेल्या दिसत होत्या. त्या सगळ्याच्या सगळ्या अकरा मिलिमीटर डोंगराच्या दिशेला, म्हणजे वरच्या अंगाला, सरकल्या होत्या. आता, खडकावर बांधलेलं दालन चढावर कसं सरकेल? खुणा ओल्या भिंतीवर नीट चिकटल्या नसतील, असं मी ठरवलं आणि ते सहा बिंदू हिशेबातून वगळले. घंटाघर स्थिर आहे, असं लिहून गुरुवारी खाली सही केली.

पादरीसाहेबांनी आनंदाने अहवाल दोनदा वाचला. येत्या रविवारी खजूर इतवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा सण, होता. त्या दिवशी सगळी मंडळी खजुराच्या फांद्या हातात घेऊन घंटाघराच्या पायथ्याशी, अंगणात जमतात आणि गात गात आत जातात. हिवाळाभर अंगण बंद होतं, ते आता उघडायचं ठरलं. मला पाहुणी म्हणून बोलावलं.

अहवाल दिल्यापासून मला मात्र चैन नव्हतं. ते अकरा मिलिमीटर जेवताना आठवायचे, वर्गात फळ्यावर लिहिताना आठवायचे. एखादी खूण सैल झाली असती तर ती कशीही सरकली असती. सहाच्या सहा एकाच दिशेला, एकसारख्याच का सरकल्या? मुलगी तेव्हा दहावीला होती. मी पोळी तव्यावर विसरले तेव्हा ती म्हणाली, "मम्मा, रिपोर्ट दे दी ना? अब इतना क्यों सोच रहे हो?"  शनिवारी मी पादरीसाहेबांना फोन लावला. पहाडात गारपीट झाली होती, फोन मेलेला होता. संध्याकाळी देवासमोर दिवा लावताना कित्येक महिन्यांनी मनापासून शब्द फुटले. मी म्हटलं, महाराज, मला कळत नाहीये. कळायला हवं असेल तर तुम्हीच कळवा.

रविवारी सकाळी सेक्टर सतराच्या स्टँडवरून पहिली बस धरली. प्रार्थना दहाला होती, मी नऊला पोहोचले असते. पण चढणीचा रस्ता सुरू झाला आणि थोड्याच वेळात गाड्या थांबल्या. पुढे दरड कोसळली होती. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. माझ्या शेजारी एक वयस्कर सरदारजी बसले होते. पांढरी दाढी, फिकी निळी पगडी, मांडीवर कापडी पिशवी. इतक्या वेळात ते एक शब्द बोलले नव्हते.

मी खिडकीतून बाहेर पाहत होते. शेजारी खेटून एक ट्रक उभा होता. अचानक तो हळूहळू पुढे, चढावर, सरकू लागला. मी सुटकेचा श्वास टाकला आणि हिंदीत म्हटलं की चला, रस्ता सुटला वाटतं. सरदारजींनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "बीबी जी, ट्रक तो खड़ा है। नीचे हम जा रहे हैं।"

मी पाहिलं. खरंच, आमचा ड्रायव्हर समोरच्या गाडीला जागा द्यायला बस हळूहळू उताराला मागे घेत होता.

 दालन चढावर सरकलं नव्हतं. ते खडकावर जिथल्या तिथे होतं. मी ज्या अंगणात यंत्र लावून उभी होते ते अंगणच उताराला सरकत होतं, आणि घंटाघर त्याच्याबरोबर. म्हणून तर दोघांची इतकी सुंदर जुळणी झाली होती. जे सहा बिंदू खरं सांगत होते तेवढेच मी खोडून टाकले होते. आणि आता माझ्या सहीच्या भरवशावर शे-सव्वाशे माणसं, लेकरंबाळं, त्याच अंगणात जमत होती.

घड्याळात नऊ वाजत आले होते. कंडक्टर म्हणाला, दोन तास तरी लागतील. मोबाइलला रेंज नव्हती. मी खाली उतरले, रस्त्याच्या कडेला उभी राहिले, आणि काय करावं ते सुचेना. पायी जाण्यासारखं अंतर नव्हतं. मागे वळून पाहिलं तर सरदारजीही उतरले होते. कुठे जायचंय, त्यांनी विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. ते थोडं मागे चालत गेले. तिथे दुधाची एक छोटी गाडी, रिकामे कॅन घेऊन, वळण्याच्या तयारीत होती. त्यांनी ड्रायव्हरशी दोन मिनिटं बोलून माझ्यासाठी दार उघडलं. "बैठो। गांवों वाली पुरानी सड़क से ले जाएगा। वक़्त पर पहुंचोगे।" मी हात जोडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखा केला आणि म्हणाले, "वाहेगुरु भली करेगा।"

तो रस्ता म्हणजे नुसती खडी होती. प्रत्येक वळणावर मी घड्याळ पाहत होते आणि मनात दत्ताचं नाव घेत होते. मोजून नव्हे, जसं येईल तसं. भीती गावातल्या माणसांसाठी होती, आणि खरं सांगते, स्वतःसाठीही होती. चूक कबूल केली की माझं नाव जाणार. त्याहून वाईट म्हणजे घंटाघर हलतंय असं मीच म्हटल्यावर ते पाडायला मोकळीक मिळणार. ज्या माणसाने ते वाचवायला मला बोलावलं, त्यालाच जाऊन हे सांगायचं होतं.

पोहोचले तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. अंगण भरलेलं होतं. मुलांच्या हातात खजुराच्या फांद्या, बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या ओढण्या. उताराच्या बाजूला अंगण पेलून धरणारी दगडी भिंत होती, तिला तिकडे डंगा म्हणतात. तिच्या कठड्यावर म्हाताऱ्या बायका ऊन खात बसल्या होत्या. पादरीसाहेब हसत पुढे आले. मी त्यांना बाजूला घेतलं आणि श्वास लागलेला असतानाच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी विचारलं, "पक्का?"

"नहीं," मी म्हटलं. "नापे बिना पक्का नहीं कह सकती। पर मैंने ग़लत लिखा है, इतना पक्का है।"

 मग त्यांची नजर घंटाघरातून दालनात जाणाऱ्या छोट्या दाराकडे गेली. त्या दाराची कडी या हिवाळ्यापासून कोयंड्यात पोहोचत नाही, थोडी अलीकडेच राहते, असं ते हळू आवाजात म्हणाले. थंडीने लाकूड आकसलं असेल म्हणून त्यांनी मला सांगितलं नव्हतं. पुढच्या क्षणी ते वळले आणि शांतपणे लोकांना म्हणाले की आजची प्रार्थना वर शाळेच्या मैदानात होईल.

कुरकुर झाली. त्यांच्या समितीतले एक गृहस्थ माझ्यावर संतापले. गुरुवारी एक सांगता, रविवारी दुसरं. आता घंटाघर गेलंच म्हणून समजा, असं ते सगळ्यांसमोर बोलले. मी ऐकून घेतलं. लोक फांद्या घेऊन वर चढले. मैदानात शेवटच्या रांगेत उभं राहून मी त्यांचं गाणं ऐकलं. शब्द कळत नव्हते. डोळे मात्र भरून येत होते. त्या दिवशी काहीही पडलं नाही, आणि परतताना लोकांच्या नजरा मला पाठीवर जाणवत होत्या.

सोमवारी मी यंत्र घेऊन परत गेले. या वेळी तिपाई दालनामागच्या उघड्या खडकावर रोवली आणि पुन्हा सगळं मोजलं. अंगण, डंगा आणि घंटाघर तिन्ही उताराकडे सरकली होती. मात्र घंटाघराचे सगळे बिंदू एकमेकांपासून तसेच, जराही न ढळलेले होते. याचा अर्थ मला तिथेच उमगला. दुखणं घंटाघराच्या दगडांत नव्हतंच. खालची जमीन पाण्याने भिजून सरकत होती. घंटाघर पाडून काहीच साधलं नसतं. मी तसं लिहून दिलं, आणि सुरुवातीलाच माझी आधीची चूकही लिहिली. त्याच संध्याकाळपासून लोखंडी पाइपांचे टेकू लावायला सुरुवात झाली.

बुधवारी भर दुपारी डंग्याचा कोपरा कोसळला. ज्या कठड्यावर म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या तोच कोपरा, अंगणाच्या सहा-सात फरशांसकट. घंटाघर हादरलं, पण टेकूंनी त्याला धरून ठेवलं. अंगणात तेव्हा कुणीही नव्हतं. पुढे डंगा नव्याने बांधला, पाणी वाहून जायला वाट करून दिली, आणि पाडण्याची नोटीस मागे घेतली गेली. ज्यांनी मला सुनावलं होतं तेच गृहस्थ एका रविवारी पेढ्यांचा डबा घेऊन आमच्या दारात आले.

त्या दुधाच्या गाडीच्या ड्रायव्हरला मी नंतर शोधून काढलं. सरदारजी कुठले, असं विचारलं. त्याला माहीत नव्हतं. "मैं तो उन्हें आपका बुज़ुर्ग समझा था," तो म्हणाला. सरदारजींनी त्याला सांगितलं होतं की बाईंना लवकर पोहोचव, लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. मी त्यांना फक्त गावाचं नाव सांगितल्याचं आठवतं. पण मी घाबरलेली होते, बोललेही असेन. याहून जास्त मला काही म्हणायचं नाही.

दत्तगुरू कोणत्या रूपात भेटतात हे मला ठाऊक नाही आणि आता ते जाणून घेण्याची धडपडही नाही. मी यंत्र अजून वापरते, त्याच्यावर विश्वासही ठेवते. बदललं आहे ते मोजणी संपल्यानंतरचं माझं बसणं. जे आकडे माझ्या मनासारखे येत नाहीत त्यांच्यासमोर मी थांबते, आणि मला कळत नाही असं आधी देवापाशी आणि मग माणसांपाशी म्हणते. शरण जाणं मला एवढंच जमलं आहे. ज्याने माझ्याकडून ते वेळेवर म्हणवून घेतलं आणि शे-सव्वाशे माणसं आपापल्या घरी सुखरूप परतवली, त्याच्या पायांवर हे लिखाण ठेवते.