पाळकबाईंची स्पॅनिश

स्पॅनिश बोलताना पाळकबाई डोळे मिटून घ्यायच्या. समोर भाजीवाली असो, डॉक्टर असो की रविवारच्या उपासनेला आलेली मंडळी, आधी पापण्या मिटायच्या, मान जराशी कलायची आणि मग एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा सावकाश वर यायचा. मी एकदा कारण विचारलं. म्हणाल्या, "उघडे ठेवले का हे परके डोंगर दिसते वं. मंग शिकलेलं सारं पळून जाते."

नागपूरहून आम्ही दोन जोडपी मिशनरी म्हणून बोलिव्हियातल्या डोंगरावरच्या एका लहान गावात गेलो होतो. आमच्या चर्चचे पाळकसाहेब आणि त्यांच्या पत्नी पाळकबाई पन्नाशीचे, मी आणि माझा नवरा नवे नवे संसारी. तिथली हवा इतकी विरळ, की पहिले काही महिने मला झोपेत चालल्यासारखं वाटे. सकाळी ढग गल्लीत उतरायचे आणि दार उघडं दिसलं की थेट घरात शिरायचे. मी दार लावायला धावायची. पाळकबाई म्हणायच्या, "राहू दे, पाहुणा आला. इतक्या दूर आपल्याकडं दुसरं येते कोण?"

डोन्या एल्सा नावाच्या निवृत्त शिक्षिकेच्या घरात आम्ही भाड्यानं राहत होतो. तीच दुपारी आम्हाला स्पॅनिश शिकवायची. मी क्रियापदं घोकायची. पाळकबाई मात्र शब्दांमध्ये नातेवाईक शोधायच्या. मेजाला तिकडे 'मेसा' म्हणतात आणि बुटाला 'सापातो', हे कळलं त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला. "मेज अन् सपाता! आपलेच हायेत हे. आपल्याआधी येऊन बसले इथं." त्यानंतर बाजारात एखादा ओळखीचा शब्द कानावर आला, की त्या थबकायच्या आणि बोलणाऱ्याकडे माहेरचं माणूस भेटल्यासारखं बघत राहायच्या.

त्या भाषेत 'असणे' याला दोन क्रियापदं आहेत. एक कायमच्या असण्याचं, एक तेवढ्यापुरत्या असण्याचं. मी गोंधळले, त्या नाही. "मी नागपूरची आहे, हे एक. मी इथं आहे, हे दुसरं. मराठीत दोन्हीले एकच 'आहे', म्हणून तर जीव असा घोटाळ्यात पडते."

एका सकाळी पाळकबाईंच्या माहेराहून, मौद्याहून, त्यांच्या भावाचा फोन आला. त्यांची आई गेली होती. इथून निघून पोहोचेपर्यंत माती होऊन जाणार होती. पाळकसाहेब विमानाची चौकशी करू लागले, तेव्हा बाईंनीच त्यांना थांबवलं. "आता कोणासाठी जाऊ?" एवढंच म्हणाल्या आणि खिडकीशी बसल्या.

दुपारी डोन्या एल्सा आली, तिच्यामागून गल्लीतल्या बायका आल्या. कुणी सूप आणलं, कुणी पाव. सगळ्या आमच्याभोवती बसल्या. त्यांना आमच्याशी काय बोलावं कळेना, आम्हाला त्यांच्याशी. पाळकसाहेबांनी मराठीत प्रार्थना सुरू केली, तसा पाळकबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "या बायकायले समजलं पाहिजे ना, कोण गेलं ते," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि स्पॅनिशमध्ये प्रार्थना केली.

आमचा अभ्यास तेव्हा वर्तमानकाळापर्यंतच आला होता. भूतकाळ आम्हाला शिकवलाच नव्हता. त्यामुळे त्या प्रार्थनेत सगळं चालू होतं. माझी आई मौद्याला राहते. माझी आई पहाटे उठते. अंगण झाडते. ती धानाच्या बांधावर उभी आहे आणि मला हाक मारते आहे. बायकांचे डोळे वाहत होते. डोन्या एल्सा आमच्या प्रत्येक चुकीवर बोट उचलायची. त्या दिवशी ती हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत बसली. शेवटी सगळ्यांच्या आधी तीच 'आमेन' म्हणाली.

पुढच्या आठवड्यात भूतकाळाचा धडा आला. पाळकबाई उठून पाणी प्यायला गेल्या आणि तास संपेपर्यंत परत आल्या नाहीत. डोन्या एल्सानं त्यांना हाक मारली नाही.

नंतर माझ्या नवऱ्याला ती उंची सोसेना, म्हणून आम्ही परतलो. निघताना मी विचारलं, "तुम्ही कधी येणार?" त्या म्हणाल्या, "येईन ना. पण आता येईन ते पाहुणी म्हणून. काहून कोण जाणे, असंच वाटून राहिलं मले."

मागच्या पावसाळ्यात मी मौद्याला गेले आणि त्यांच्या आईच्या कबरीजवळून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. इथं संध्याकाळ होत आलेली, तिथं नुकतं उजाडलेलं. त्यांच्यामागच्या दारातून ढग आत येत होता. मी क्रॉसवरचा चिखल रुमालानं पुसला, आणलेली शेवंती ठेवली आणि फोन तसाच धरून राहिले. त्यांनी कान स्क्रीनजवळ आणला.

मग हलकेच म्हणाल्या, "पल्याड कोण बोलून राहिलं?"

कुंपणापलीकडच्या धानाच्या बांधीत बायका रोवणी करत होत्या. मी फोन तिकडे वळवला. गुडघाभर चिखलात वाकलेल्या, एकमेकींशी मोठ्यानं बोलणाऱ्या बायका, आणि त्यांच्यामागे वीज केंद्राच्या चिमणीचा पांढरा धूर.

"अजून थोडं जवळ जा वं," पाळकबाई म्हणाल्या. "काय बोलते ते ऐकू दे."

मी चपला काढल्या आणि बांधावर उतरले.