टाचेनं चेपलेली माती

१९९८च्या आषाढात मी केळशी सोडली. त्या दिवशी आप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या थांब्यावर उशिरा आले. लेक लग्न होऊन इंग्लंडला निघालीय आणि हे बागेत हापूसची कलमं लावत होते. गुडघ्यापर्यंत लाल चिखल. आईनं सगळ्यांदेखत झापलं. आप्पा म्हणाले, खड्डे तयार होते, कलमं ताटकळली असती. मला राग आला होता, तो मुंबईच्या विमानतळापर्यंत टिकला.

कलम लावणं हा त्यांचा हट्टाचा विषय. खड्ड्यात माती ओढायला गडी चालत, पण चेपायची आप्पांनी स्वतः, अनवाणी, रोपाभोवती फिरत. आम्हां पोरांनाही चेपायला लावत. "टाचेनं चेप गो. आत पोकळ राहिली तर मूळ सुकतं," हे इतक्यांदा ऐकलंय की अजून झोपेतही म्हणून दाखवीन.

लेस्टरला मी एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनला लागले. ट्रान्सप्लांट हा शब्द तिथे रोज कानावर यायचा आणि आमच्या लेखी त्याचा अर्थ एकच, किडनी. पुढे इंग्रजी सुधारावं म्हणून संध्याकाळच्या क्लासला गेले. तिथल्या बाई आयुष्यभर लॅटिन शिकवून रिटायर झालेल्या. क्रियापद दिसलं की उकलून दाखवायच्या. एका जागचं काढून दुसरीकडे लावणे, हा ट्रान्सप्लांटचा मूळ अर्थ. लॅटिनमध्ये ट्रान्स म्हणजे पलीकडे, प्लांतारे म्हणजे लावणे. आणि प्लांता म्हणजे रोप, तसाच तळपायही. रोप पायानं दाबून बसवत, म्हणून हे दोन अर्थ जुळले असावेत असं काही जण मानतात, बाई म्हणाल्या. मला घरची इतकी आठवण आली की वर्गातच रडू फुटलं. बाईंना वाटलं, लॅटिन जड जातंय.

२००५ साली आई गेली. आप्पा एकटे पडले, म्हणून मी त्यांना इकडे आणलं. कायमचे राहतील अशी आशा होती. ते हीटर लावलेल्या घरात स्वेटर घालून बसत, नातीला पाढे शिकवत, मी कामावर कशी जाते, शेजारणीशी कशी बोलते ते बघत. मी रोज म्हणायची, राहा आता इथेच. ते नुसतं हूं म्हणायचे.

परतीचं तिकीट जवळ आलं तेव्हा जेवताना त्यांनीच मला विचारलं, "तिकडे घर रिकामंच आहे. येतेस परत, सगळ्यांना घेऊन?"

"नाही हो आप्पा, आता नाही जमणार." हे इतकं पटकन निघालं की माझी मलाच लाज वाटली.

आप्पा भात कालवत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. कलम लावलं की वर्षानं मी हलकेच ओढून बघतो. हातात आलं तर परत लावावं लागतं. तू आली नाहीस. आता मी जायला मोकळा."

मी त्यांना ठेवून घ्यायला बघत होते आणि ते मला न्यायची तयारी करून आले होते. हो म्हटलं असतं तर एकही प्रश्न न विचारता नेलं असतं. लेस्टर माझं घर झालं ते त्या जेवणाच्या वेळी. केळशीला आता मी पाहुणी म्हणून जाते. तशी मुभा खुद्द आप्पांनी दिली, आणि तीच मला अजून सोसत नाही.